‘औदुंबर’ आणि अर्थनिर्णयाच्या पद्धती

समीक्षकाची पद्धत तिच्या नावावरून फारशी कळत नाही; अर्थ ठरविताना तो कोणता पुरावा ग्राह्य मानतो, यावरून ती कळते. या दृष्टीने बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता तपासण्यासारखी आहे. तीत झरा आहे, पलीकडे लहानसे खेडे व शेते आहेत, एक पायवाट डोहाकडे गेली आहे आणि तेथे पाण्यात पाय सोडून झाड बसले आहे. एवढ्या सामग्रीतून परस्परविरुद्ध अर्थ निघाले.

खानदेशातील विद्यार्थ्यास प्रथम सुचते ती चरित्राची वाट. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० मध्ये धरणगावी जन्मले. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला. भुसावळ-बोदवडवरून नागपूरकडे जाणारा तोच हा लोहमार्ग. त्यामुळे आपल्या बाजूच्या वाचकाला कवितेतील काळा डोह मृत्यूचाच वाटू लागला तर नवल नाही. तथापि कविता मृत्यूपूर्वीची आहे. पुढे घडलेला अपघात तिच्या अर्थाचा पुरावा कसा होईल? ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’ यांतील उदासीनतेशी तिचे नाते जोडणे अधिक सयुक्तिक होय, कारण तेथे पुरावा निदान काव्यातला असतो. त्यालाही एक शब्द आडवा येतो. लाटांवर पसरलेल्या काळिम्याला कवीने ‘गोड’ म्हटले आहे. विषादवादी भाष्यकारांनी या विशेषणाकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिलेले दिसत नाही.

प्राचीन साहित्यशास्त्र लावावे तर पाय सोडून बसलेल्या झाडात समासोक्ती सहज ओळखता येते. पेच पुढेच आहे. येथे नायक नाही, संवाद नाही. उद्दीपनाची सर्व सामग्री सिद्ध असून आलंबन मात्र दिसत नाही. रसाची चौकट येथे ताणावी लागते. आनंदवर्धनाचा ध्वनिविचार अधिक उपयोगी पडतो, कारण वाच्यार्थ पूर्ण झाल्यावरही काही उरते, याची उपपत्ती तो देऊ शकतो. लोक ज्याला उंबर म्हणतात त्याला कवीने औदुंबर म्हटले, आणि त्या नावाबरोबर दत्तसंप्रदायाचे सारे संस्कार आले. विरक्त, ध्यानस्थ पुरुषाची सूचना अनेकांना जाणवते ती यामुळे. मात्र तीवरून सबंध कविता अध्यात्मपर ठरविणे म्हणजे एका शब्दावर आठ ओळींचा भार टाकणे होय.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या व त्या प्रयोगावरचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. तसे नाव झाकून ‘औदुंबर’ वाचली तर प्रथम रंग दिसतात: निळा, हिरवा, पांढरा, शेवटी काळा. खानदेशातच, फैजपूरला, जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल हे लयीचे प्रकार मांडले. हिरव्याचा पुनःपुन्हा होणारा उच्चार हा संवाद, पांढऱ्या वाटेसमोर काळा डोह हा विरोध, आणि वाहत्या, चालत्या वस्तूंच्या शेवटी स्थिर बसलेले झाड हा समतोल, अशी मांडणी करता येते. प्रस्तुत लेखकास ही पद्धत सर्वांत कमी गृहीत धरणारी वाटते. अर्थात तिला दत्तही दिसत नाही, हा तिचा तोटा.

समाजशास्त्रीय दृष्टीला या गावात माणूसच सापडत नाही. तिचे येथे फारसे काम नाही. वाचकनिष्ठ दृष्टीचे आहे. पाणीटंचाई सोसलेल्या बोदवड तालुक्यातील विद्यार्थ्याला पाण्यात पाय सोडून बसणे हे वैराग्य न वाटता निव्वळ सुख वाटले, तर ते वाचन चूक ठरविण्यास कवितेत आधार नाही. उलट ‘गोड’ हा शब्द त्याच्याच बाजूचा आहे.

राहिला शेवटच्या ओळीतला ‘असला’. तो विशेषण मानला तर कवी ‘अशा तऱ्हेचा’ औदुंबर बोटाने दाखवीत आहे, आणि आधीचे सारे चित्र त्या झाडाचे वर्णन ठरते. तो मागील क्रियापदाशी जोडला तर बसणेही निश्चित राहत नाही, केवळ संभवनीय होते. येथे चरित्र, संप्रदाय व लय यांपैकी काहीच निर्णय देत नाही. व्याकरणापासूनच आरंभ करावा लागतो.