शेजारी कोण? लेखांक ६ : पाहिलं, मग पुढे?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला रविवारच्या शाळेपासून आपल्याला पाठ असतो. तरी त्यातली एक गोष्ट हटकून निसटते. लूकच्या दहाव्या अध्यायात रस्त्याकडेला पडलेल्या त्या अर्धमेल्या माणसाला तिघांनीही पाहिलं आहे. याजकाने पाहिलं, लेव्याने पाहिलं, शोमरोन्यानेही पाहिलं. नजर कोणाचीच अधू नव्हती. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट ओसाड, लुटारूंच्या भीतीची. तिथून लवकर निघून जावंसं वाटणं साहजिकच होतं. शोमरोन्यालाही वाटलं असेल.

पण तो थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून सराईत नेलं, रात्रभर त्याच्याजवळ राहिला. सकाळी सराईवाल्याच्या हातावर दोन दिनार ठेवले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त लागलं तर परतताना देईन असंही सांगितलं. मला यातलं हे शेवटचंच सर्वांत अवघड वाटतं. पट्टी कोणीही बांधील. खर्चाचा आकडा मोकळा सोडून कोण जातो?

याकोबाने आपल्या पत्रात उघड्या-उपाशी भावाबहिणीला नुसत्या गोड शब्दांवर वाटेला लावणाऱ्यांना चांगलंच फटकारलं आहे. आपल्याकडे त्यासाठी एक सोयीचं वाक्य आहे : ‘प्रार्थनेत आठवण करतो हं!’ मीही ते वापरलं आहे. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एक आजी दोन रविवार दिसल्या नाहीत. मी प्रार्थना केली, अगदी मनापासून. तिसऱ्या आठवड्यात घरी गेलो, तर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठ दिवस झाले होते. औषधाचं दुकान माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळ सोळाव्या वर्षीच भोगला होता. १८७४ मध्ये त्यात आई-वडील गेले आणि पुढे भावाबरोबर त्या उपाशीपोटी पायी देश हिंडल्या. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा पुण्यात विधवांसाठी चालवलेल्या शारदा सदनाचा व्याप त्यांच्या अंगावर होताच. थांबायला ते कारण पुरेसं होतं. त्या गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. मग दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला शारदा सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली. फळबागेचा विचार करून घेतलेली ती जमीन! भाकरीपाशीच रमाबाई थांबल्या नाहीत. तिथे शिक्षण आलं, शेती आली, हातमाग आले, छापखानाही आला. शोमरोन्याच्या त्या मोकळ्या सोडलेल्या आकड्याचा अर्थ मला केडगावात कळतो.

प्रत्येकाने केडगाव वसवावं, असं कोणी म्हणत नाही. आजींच्या गोळ्यांना तर एक फेरी पुरली असती.

पुढच्या आठवड्यात त्या सराईवाल्याविषयी. तोवर आपल्या मंडळीत कोणाची जागा दोन-तीन रविवार रिकामी दिसते ते आठवा, आणि एकदा त्यांच्या घरी जाऊन या.