यलो अलर्ट होता, मग पाऊस कुठंय? हवामानाचा इशारा वाचायचा कसा

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

"काल यलो अलर्ट होता, एक थेंब पडला नाही. हवामान खात्याचं काही खरं नाही राव." बिडकीनच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर पावसाळ्यात हे वाक्य ऐकायला मिळतंच. वैताग समजू शकतो. पण तीन वेळा फुकट वाजलेला फोन चौथ्या वेळी आपण बघतच नाही, आणि खरा धोका नेमका तेव्हाच असू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये आमचंही हेच होतं. सर्व्हरचे अलर्ट दिवसभर वाजत राहिले की खऱ्या बिघाडाकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यावर उपाय अलर्ट बंद करणं नाही, कुठला अलर्ट कशासाठी आहे हे समजून घेणं आहे.

रंग काय सांगतात?

भारतीय हवामान विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. रंग ठरवताना दोन गोष्टी बघतात: घटना घडण्याची शक्यता किती, आणि घडली तर फटका किती. म्हणजे यलो अलर्ट हे "पाऊस येणारच" असं वचन नाही.

शब्दांनाही मापं आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्याच्या पुढे अत्यंत जोरदार.

आता दुसरी गोष्ट. हा इशारा जिल्ह्याचा असतो. आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा ९ तालुक्यांचा, वर सोयगावपासून खाली पैठणपर्यंत. सोयगावात धो धो पडला आणि बिडकीनला ऊन असलं, तरी अंदाज चुकला असं होत नाही.

दिवस, तास आणि मिनिटं

इशाऱ्यांची तीन घड्याळं आहेत, आणि गोंधळ इथंच होतो.

पहिलं घड्याळ दिवसांचं. जिल्ह्याचा रंगीत इशारा पुढच्या काही दिवसांचा असतो. तो बघून सोंगणी, फवारणी, प्रवास ठरवायचा. मराठवाड्यासाठी तो मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतो.

दुसरं घड्याळ तासांचं. याला 'नाऊकास्ट' म्हणतात, आणि तो पुढच्या सुमारे तीन तासांसाठी असतो. तो आला की लांबच्या शेतात जाणं पुढं ढकला.

तिसरं घड्याळ मिनिटांचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप सेन्सरच्या जाळ्यावरून वीज कुठं पडली ते ओळखतं आणि तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातलं दाखवतं. हा इशारा आला की विचार करत बसायचं नाही, आसरा गाठायचा.

विजेच्या बाबतीत ढिलाई नको

देशात दरवर्षी २,००० हून जास्त माणसं विजेनं मरतात. बरेच जण उघड्या रानात किंवा झाडाखाली असतात. "पाऊस आला की निघू" हा हिशेब चुकीचा आहे, कारण पाऊस पोहोचायच्या आधीच, ढगापासून १० किलोमीटर लांबही वीज पडू शकते.

नेट नसेल तर कान वापरा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

झाड, उघडं शेड, ट्रॅक्टर, दुचाकी, तारेचं कुंपण, विहिरीवरची मोटार यांपासून लांब राहा. आसरा जवळ नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवा आणि पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. वीज जमिनीतूनही पसरते. मोबाइल वीज ओढून घेत नाही, पण चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावू नका.

कुणावर वीज पडली तर त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. बिनधास्त हात लावा, १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा.

ऊन पडलंय, तरी पूर

पैठण तालुक्यात एक वेगळा धोका आहे. गोदावरीचं पाणी नाशिककडून येतं. इथं आभाळ मोकळं असलं, तरी वर पाऊस झाला की नाथसागर भरतो आणि जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागतात. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी असाच प्रचंड विसर्ग झाला आणि पैठणच्या सखल भागातल्या लोकांना हलवावं लागलं.

म्हणून रंगाइतकाच विसर्गाचा आकडाही बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला १०,००० लिटरचे जवळपास २८० टँकर! नदीकाठी मोटारी, जनावरं, नातेवाईक असतील, तर हा आकडा वाढू लागताच त्यांना फोन करा. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, खाली रस्ता उरलाय की नाही ते वरून कळत नाही.

आजच पाच मिनिटं काढा

'दामिनी' आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप टाका. लोकेशनची परवानगी द्या आणि बॅटरी सेव्हरमधून दोन्ही ॲप वगळा, नाहीतर फोन त्यांना गुपचूप झोपवतो.

मग सेटिंगमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' शोधा आणि चालू ठेवा. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्यानं वाजले होते, आठवतंय? ती याचीच चाचणी होती. हा संदेश एसएमएससारखा एकेका नंबरला जात नाही. टॉवर तो आपल्या भागातल्या सगळ्या फोनवर एकदम सोडतो, म्हणून नेटवर्क जाम असलं तरी पोहोचतो.

व्हॉट्सॲपवर रेड अलर्टचा फोटो आला तर आधी तारीख बघा. तारीख नसेल तर पुढं पाठवू नका. शंका असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर आहे.

आणि हो, घरात ज्यांच्याकडे साधा फोन आहे, जे रोज रानात जातात, त्यांच्यापर्यंत इशारा कोण पोहोचवणार ते आजच ठरवा. बहुतेक ते काम तुमचंच आहे. भेटू पुढच्या भागात!