खारे, मतलई आणि एक रेघ

वरळी कोळीवाड्यातल्या मैत्रिणीच्या माडीवर लॅपटॉप ठेवायला एकच जागा, शिवणयंत्राचं टेबल. तिचा मुलगा संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतोय आणि त्याने प्रोजेक्टला विषय घेतलाय वरळीची हवा. मी बरीच वर्षं कंपन्यांचे रिपोर्ट आणि चार्ट बनवते, म्हणून त्याचा फोन आला, "मावशी, रविवारी येशील का? स्कॅटर चार्ट जमत नाहीये."

वरळीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं केंद्र आहे. तिथले तासातासाचे आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येतात. वर्षाचे तास ८७६०. आडव्या अक्षावर वाऱ्याचा वेग आणि उभ्या अक्षावर पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, असा त्याचा बेत होता. पॉवर बीआय या चार्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने दोन्ही कॉलम ओढून टाकले आणि पांढऱ्या चौकटीत एकच ठिपका उगवला.

हा ठिपका मी शेकडो वेळा पाहिलाय. सॉफ्टवेअरला काही सांगितलं नाही तर ते बेरीज करतं. वर्षभराचे वारे एकत्र, वर्षभराची धूळ एकत्र, ठिपका एक. 'व्हॅल्यूज'च्या रकान्यात तारीख-वेळ टाकली आणि ठिपक्यांचा थवा पसरला. तरीही सगळे तास आलेले नव्हते. या चार्टमध्ये ठिपक्यांची मर्यादा मुळात ३५०० असते, त्यापुढे सॉफ्टवेअर नमुना निवडून दाखवतं. ती १०,००० पर्यंत वाढवता येते, ती वाढवली. मग ठिपके अर्धपारदर्शक केले, म्हणजे जिथे गर्दी तिथे रंग गडद होतो. हे शेवटचं काम लोक शोभेसाठी करतात असं वाटतं, पण दाट थव्यात त्याशिवाय काहीच दिसत नाही.

दिसली ती तळाच्या अक्षाला चिकटून बसलेली ठिपक्यांची एक सरळ रांग. मुंबईची हवा शून्यावर कधी येत नाही. यंत्र बंद होतं ते तास त्याने एक्सेलमध्ये शून्याने भरले होते. "रिकामं म्हणजे शून्य नाही रे," एवढंच म्हटलं. त्याने लगेच ते तास रिकामे केले.

आता त्याचा आवडता भाग. भिंगाच्या चित्रावर क्लिक केलं की विश्लेषणाच्या रेघांची यादी उघडते: सरासरी, मध्यक, स्थिर रेघ, ट्रेंड लाइन. त्याने ट्रेंड लाइन घेतली. डावीकडून उजवीकडे छान उतरणारी रेघ आली. "बघ मावशी, वारा वाढला की हवा साफ. प्रोजेक्ट झाला!"

मी त्याला 'लेजंड'मध्ये ऋतू टाकायला लावला आणि ट्रेंड लाइनमधला 'कम्बाइन सीरीज'चा खटका बंद करायला सांगितला. हा खटका चालू असला की सगळ्या गटांची मिळून एक रेघ, बंद केला की प्रत्येकाची वेगळी. पावसाळ्याचे ठिपके उजवीकडे खाली गोळा झालेले निघाले, त्यांची रेघ जवळपास आडवी. हिवाळ्याचे डावीकडे वर, चांगलेच विखुरलेले. मघाच्या देखण्या उताराचा बराचसा भाग या दोन थव्यांना जोडल्यामुळे आलेला होता. पावसाळ्यात वारा जोराचा असतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो. एकत्रित रेघेने पावसाचं श्रेयही वाऱ्यालाच दिलं होतं.

ट्रेंड लाइनच्या मागे कारण हवं, हे सांगताना मला नेहमी दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९४० च्या आसपास ते चांदीची आहत नाणी एकेक करून तराजूवर तोलत होते. नाण्याच्या मागच्या बाजूला छाप जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असा उतार त्यांना सापडला. गणितज्ञ माणूस, पण उतारावर थांबला नाही. मागचे छाप नाणं चलनात असताना तपासणीत पडलेले, आणि हातोहात फिरून चांदी झिजलेली, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. तशी झीज आमच्या चार्टमध्ये कुठे आहे, हे आम्हाला अजून सापडलेलं नव्हतं.

मैत्रीण चहा घेऊन आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "नुसता वेग काय घेऊन बसलात? वारा येतो कुठून ते बघा की. थंडीत सकाळी जमिनीकडचा वारा असतो, तेव्हा गच्चीवरच्या सुकटीवर बारीक धूळ बसते. दुपारी समुद्राचा सुटला की नाही बसत."

खारे वारे, मतलई वारे. शाळेच्या भूगोलात आम्ही दोघांनीही पाठ केलेले. केंद्राच्या आकड्यांत वाऱ्याची दिशा अंशांत असतेच, वारा जिकडून येतो ती. त्याने नवा कॉलम केला: पूर्वेकडचे अंश मतलई, पश्चिमेकडचे खारे, उरलेले इतर. फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण पावसाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्यांना खारे वारे म्हणणं चूक ठरलं असतं.

दोन रंग उमटले आणि तिघंही पुढे वाकलो. मतलईचे ठिपके वर आणि डावीकडे, खाऱ्यांचे खाली आणि उजवीकडे. मतलई वारा मंद असतो, तो रात्री आणि पहाटे वाहतो, तेव्हा थंड हवेचा थर जमिनीलगत बसलेला असतो, आणि हा वारा अख्ख्या शहरावरून येतो. म्हणजे मंद वाऱ्याच्या नावावर आपण जे जमा करत होतो त्यात वेळ होती, दिशा होती, मागचं शहर होतं. हे वेगळं काढायला स्कॅटर पुरत नाही. पण ते वेगळं काढायला हवं हे स्कॅटरनेच दाखवलं, आणि खरं तर सुकटीने.

त्याला आता ६० वर स्थिर रेघ हवी होती. पीएम २.५ साठी आपल्याकडे २००९ पासून घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, पण ती २४ तासांच्या सरासरीची. तासाच्या ठिपक्यांवर ती ओढली तर वरचा प्रत्येक ठिपका नियमभंग दिसतो आणि तो तसा नसतो. अशा रेघा मी मोठमोठ्या सादरीकरणांत पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी जीव तळमळतो. आम्ही रोजच्या सरासरीचा दुसरा चार्ट केला आणि तिथे ६० ची रेघ ओढली. खाली जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची १५ ची रेघही. हिवाळ्याचे ठिपके तिच्यापासून किती वर आहेत, ते तो बराच वेळ बघत बसला.

तासांच्या चार्टवर अगदी वर एक ठिपका एकटाच होता. त्याला तो फिल्टरने काढायचा होता. मी म्हटलं, कारण सापडेपर्यंत राहू दे. त्याने माउस नेला. फेब्रुवारी, पहाटेचे दोन, मतलई. दिवाळी नाही, होळी नाही. तो उठला, भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयची पानं मागे उलटली. त्या तारखेच्या चौकोनात आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गॅस आला'. त्याने वहीत तारीख टिपली, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि फाइल सेव्ह केली.