त्र्यंबकची १०८

सकाळी ८.००. त्र्यंबकेश्वर. श्रावणातला सोमवार, त्यात पाऊस. रात्रपाळीचे डॉक्टर उतरले, दिवसपाळीचे चढले. दोघेही बीएएमएस. चालकाला १०८ रुग्णवाहिका सेवेत पायलट म्हणतात. ड्युटी बारा तासांची.

८.१०. आधी तपासणी. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा, सक्शन, मानेच्या कॉलर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. अंबू बॅग दाबून पाहायची, हवा कुठून निसटत नाही ना. २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या होत्या. व्हेंटिलेटरवाल्या २३३. ही त्यांतली नाही. इथे श्वास द्यायचा तर हातानेच.

९.३०. दर्शनरांगेत आजोबांना चक्कर. उपाशीपोटी पहाटेपासून उभे. साखर ५८. ग्लुकोज पाजलं. "देवाला चालेल, आजोबा. आधी खा."

११.०५. पुण्याच्या नियंत्रण कक्षातून फोन. हरसूलच्या बाजूला एका पाड्यावर आवणी करताना बाईला पान लागलं. गाडी फाट्यापर्यंतच जाते. माणसांनी तिला झोळीतून आणलंय. मुलाने मोबाइलवर साप टिपलाय. नाग.

पोटरीला दोरी करकचून बांधलेली. पुतण्या ती कापायला धावला, डॉक्टरांनी हात धरला. दोरी एकदम सोडली तर अडलेलं विष एका झटक्यात वर जातं. त्यांनी दोरीच्या वर बीपीचा पट्टा गुंडाळला, फुगवला, मग दोरी काढली. आणि पट्ट्यातली हवा थोडी थोडी सोडत बसले. घाई सगळ्यांना होती, त्यांच्या बोटांना नव्हती.

पाय सुजायला लागलेला. जोडवी काढायला हवीत. सासू अडली. "नवरा जिता हाये तिचा!"

"मावशी, सूज चढली की ती कापावी लागतील. आत्ता साबणाने निघतील. तुमच्याकडंच ठेवा."

सासूने स्वतः काढली, पदराच्या गाठीत बांधली. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही.

पायाला फळी बांधली. गाडी निघाली. श्वासाचं बळ पाहायला डॉक्टर म्हणाले, "एका दमात आकडे म्हणा." बाई बावीसपर्यंत गेली.

१२.२०. त्र्यंबकच्या सरकारी रुग्णालयात सर्पविषावरचं प्रतिविष सुरू झालं. पहिल्या दहा कुप्या. पण पापण्या जड होऊ लागल्या. नाशिकला सिव्हिलला न्यायचं ठरलं.

१.१०. साधारण तीस किलोमीटर. समोरून भाविकांच्या गाड्यांची रांग. पायलटचा एक हात हॉर्नवर. मागे डॉक्टर गुडघे आसनाला टेकवून उभे, मांडीशी अंबू बॅग. पुन्हा आकडे. अठरा. अंजनेरीच्या पुढे पंधरा. बॅग मास्कला जोडून ठेवली. सातपूरला चौदा. वापरावी लागली नाही.

२.१५. सिव्हिल. कागदावर वेळा लिहिल्या: पान कधी लागलं, दोरी कधी सोडली, पापणी कधी पडली. समोरच्या डॉक्टरांना आधी तेच हवं असतं. रुग्णाला सेवा फुकट. सासूने तरी शंभराची नोट पुढे केली. पायलटने ती परत तिच्या मुठीत दाबली. "चहा प्या, लांब बसावं लागंल."

२.४०. दोघांची मिसळ, उभ्याने. डॉक्टरांनी दिली, काल पायलटने दिली होती. डॉक्टरांना दवाखाना टाकायचाय. गाळ्याची अनामत जमत नाही. नोकरी कंत्राटी. पायलटचा मुलगा बारावीला, क्लासचा हप्ता दहा तारखेला.

४.३०. परतताना रस्त्यात दुचाकी घसरलेली. पोराला लोक उचलून बसवायच्या बेतात. "हलवू नका!" डॉक्टर गाडी थांबायच्या आत ओरडले. कॉलर, फळी, पट्टे. फळी उचलताना चौघं लागतात. दोन बघे लगेच पुढे आले. एकाने पायाकडून उलटं धरलं होतं, त्याला शिकवत शिकवत उचललं. पुन्हा सिव्हिल.

७.४०. गाडीची फरशी फिनाइलने पुसली. फळीवरचं रक्त पट्ट्यांच्या शिवणीत बसतं, तिथे जुना टूथब्रश. डॉक्टरांची कंबर धरलीय, खाली वाकायचं काम पायलटने घेतलं.

८.००. रात्रीचे डॉक्टर आले. "ऑक्सिजन निम्मा. मध्यम कॉलर संपली, मागणी टाकलीय. हरसूलच्या फाट्याला पाणी चढतंय, रात्री तिकडं जायचं तर आधी पाड्यावर फोन करून विचारा."