नळीपुढे कॅमेरा

काचेच्या नळीत नारिंगी आकडे पेटतात अशा घड्याळांना सध्या हौशी लोकांत मोठी मागणी आहे. त्या नळीला निक्सी म्हणतात. बरोज या अमेरिकन कंपनीनं १९५५मध्ये ती बाजारात आणली. आत निऑन वायू आणि ० ते ९ या आकड्यांच्या आकारात वळवलेल्या तारा एकामागे एक उभ्या. ज्या तारेला वीज मिळेल तो आकडा उजळतो. अंतराळयुगाच्या सुरुवातीवर काही छापायचं म्हटलं की शेजारी निक्सीचा फोटो लावायचा, असा आता रिवाजच झाला आहे. ती देखणी आहे, यात वाद नाही. पण तिचं काम मोजणी दाखवण्यापुरतं. कक्षेत फिरणारा उपग्रह या क्षणी कोणत्या अंगावर कलला आहे, हे आकडा वाचून डोक्यात उतरत नाही. ते डोळ्यांनी बघावं लागतं, आणि साठच्या दशकात टंचाई होती ती नेमकी बघण्याची. गणित करणारी यंत्रं आली होती. त्यांनी काढलेलं उत्तर चित्र होऊन माणसासमोर यायची वाट मात्र सापडत नव्हती.

अडचण किती मोठी होती, ते थोडा हिशेब करून बघू. समजा एक चौकोनी चित्र आहे, आडवे १०२४ ठिपके आणि उभे १०२४. करड्या छटा नकोत, ठिपका एक तर पेटलेला किंवा विझलेला. एवढ्या साध्या चित्राला १०,४८,५७६ बिट लागतात. त्या काळातलं दणकट यंत्र म्हणजे आयबीएम ७०९०. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ३६ बिटांचे ३२,७६८ शब्द मावत, म्हणजे एकूण ११,७९,६४८ बिट. एक काळंपांढरं चित्र आत ठेवलं की यंत्र जवळपास भरलंच. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९६०मध्ये कार्यान्वित केलेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती तर २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. सगळे मिळून ८१,९२० बिट. तरीही टिफ्रॅकला आलेख आणि अक्षरं दाखवणारा कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता. आकड्यांच्या भेंडोळ्यांनी तिथले लोकही कंटाळले असणार.

यंत्राच्या स्मृतीत चित्र मावत नाही, तर ते कुठे तरी बाहेर ठेवायचं. अक्षरांचे आकार धातूत कोरून ठेवायचे आणि पूर्ण झालेलं चित्र फिल्मवर. या दोन युक्त्या जिथे एकत्र आल्या त्या नळीचं नाव कॅरॅक्ट्रॉन.

ती जोसेफ मॅकनेनी यांची कल्पना. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या कॉनव्हेर या विमान कंपनीत ते काम करत. आपल्या जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा बारीक झोत पडदाभर ओळीनं फिरत असे आणि कमीजास्त होत चित्र उमटवत असे. कॅरॅक्ट्रॉनमध्ये झोत मुद्दाम जरा रुंद ठेवलेला असतो. त्याच्या वाटेत धातूची एक छोटी पातळ चकती, आणि चकतीवर आठ ओळींत आठ-आठ मिळून ६४ अक्षरं, अंक, चिन्हं आरपार कोरलेली. रांगोळीचा छापा आठवा: पत्र्याला भोकं, वरून रांगोळी फिरवली की खाली नक्षी. इथे रांगोळीच्या जागी इलेक्ट्रॉन. ‘ए’ हवा असेल तर झोत चकतीवरच्या ‘ए’कडे वळवायचा. तो पलीकडे निघतो तेव्हा त्याला ‘ए’चा आकार आलेला असतो. मग चुंबकीय वेटोळं त्याला पुन्हा मधल्या अक्षावर आणतं आणि दुसऱ्यांदा वळवून पडद्यावर हव्या त्या जागी नेऊन आदळवतं. अख्खं अक्षर एका फटक्यात उमटतं. ते कसं काढायचं हे संगणकाला ठाऊक असण्याची गरज नाही. कोणतं अक्षर आणि कुठे, एवढं सांगितलं की त्याचं काम संपलं. छापखान्यातले खिळे जणू निर्वात नळीत जाऊन बसले होते, आणि हा मला त्या काळातला सर्वांत हुशार आळस वाटतो.

या नळीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक अर्थातच लष्कर. सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांवर नजर ठेवणारी सेज ही अमेरिकेची हवाई संरक्षण यंत्रणा १९५८पासून कामाला लागली. तिच्या टेबलांवर १९ इंची कॅरॅक्ट्रॉन होते, आणि अंधारलेल्या खोलीत बसलेले सैनिक पिस्तुलासारखं प्रकाशयंत्र पडद्यावर रोखून विमानं टिपत. त्या कथेत फार रमायला नको. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की कॉनव्हेर १९५४मध्ये जनरल डायनॅमिक्स या बड्या उद्योगात विलीन झाली आणि पुढच्या वर्षी स्ट्रॉमबर्ग-कार्लसन ही टेलिफोनची उपकरणं बनवणारी जुनी कंपनीही त्याच छत्राखाली आली. जॉन ग्लेन यांना २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीभोवती फिरवून आणणारं अ‍ॅटलस रॉकेट कॉनव्हेरचं. म्हणजे एकाच घरात एकीकडे रॉकेटं घडत होती आणि दुसरीकडे अक्षरं फेकणारी नळी.

स्ट्रॉमबर्ग-कार्लसननं त्या नळीसमोर एक कॅमेरा बसवला आणि सगळ्याचं मिळून कपाटाएवढं यंत्र केलं. नाव अगदीच रुक्ष: एससी-४०२०. संगणकानं लिहिलेली चुंबकीय फीत त्यात लावायची. फितीवरच्या आज्ञेप्रमाणे नळी १०२४ गुणिले १०२४ जागांच्या जाळीवर अक्षरं, ठिपके, रेघा उमटवत जाते. कॅमेऱ्याचं शटर तोवर उघडंच. चित्र पुरं झालं की फीतच हुकूम देते, फिल्म एक घर पुढे सरकते. नळीवर या क्षणी उमटलेली रेघ पुढच्या क्षणी विझली तरी बिघडत नाही, कारण ती लक्षात ठेवायला फिल्म आहे. स्मृतीचा सगळा खर्च रसायनांवर ढकलून दिलेला.

हे यंत्र न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत आलं. तिथे एडवर्ड झाजॅक यांच्यापुढे उपग्रहाचा एक प्रश्न होता. बेलचा टेलस्टार १० जुलै १९६२ रोजी कक्षेत गेला आणि त्यानं अटलांटिकपार टीव्हीचं चित्र नेऊन दाखवलं. पण टेलस्टार स्वतःभोवती गरगर फिरून तोल सांभाळायचा. त्याची कोणतीही एक बाजू कायम पृथ्वीकडे राहत नसे, म्हणून त्याचे अँटेना कमरेभोवती पट्ट्यासारखे बसवलेले होते आणि आधीच तुटपुंज्या असलेल्या शक्तीचा बराच भाग रिकाम्या अवकाशात उधळला जाई. उपग्रहाचं एक तोंड सतत पृथ्वीकडे राहिलं तर?

निसर्गात याचं उदाहरण रोज रात्री डोक्यावर असतं. चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो. लांबट वस्तू कक्षेत असली की तिच्या पृथ्वीजवळच्या टोकाला गुरुत्वाकर्षण किंचित जास्त ओढतं, दूरच्या टोकाला किंचित कमी, आणि या फरकामुळे ती हळूहळू उभ्या रेषेत येऊ पाहते. मेख अशी की अंतराळात हवा नाही, त्यामुळे झोके शमवायला काहीच नाही. ढकललेला उपग्रह डुलतच राहतो. आत दोन जायरोस्कोप बसवले तर हे डुलणं जिरवता येईल का, हे झाजॅक यांना तपासायचं होतं. समीकरणं मांडली, ७०९०नं सोडवली. उत्तर म्हणून मिळाले क्षणाक्षणाचे कोन, रकानेच्या रकाने. तीन कोनांचे तीन आलेख समोर ठेवून त्यांतून अवकाशात कोलांट्या घेणारी वस्तू मनात उभी करून बघा. भल्याभल्यांना जमत नाही.

झाजॅक यांनी मग संगणकाला आणखी एक काम लावलं. प्रत्येक क्षणाच्या कोनांवरून, एका ठरावीक जागी उभ्या असलेल्या माणसाला तो उपग्रह कसा दिसेल याचं यथार्थदर्शन काढायचं आणि त्या रेघा एससी-४०२०च्या फितीवर लिहायच्या. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे मिनिटाला १,४४०. तयार झाली जेमतेम चार मिनिटांची मूक फिल्म, साल १९६३. मध्ये रेघांच्या जाळीचा पृथ्वीगोल, त्याभोवती फिरणारी एक पेटी, कोपऱ्यात प्रदक्षिणा मोजणारं घड्याळ. पेटी सुरुवातीला वेडीवाकडी उलटते, मग तिचं डुलणं कमी होत जातं आणि शेवटी ती एक तोंड पृथ्वीकडे करून शहाण्यासारखी चालू लागते. संगणकानं काढलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांत तिची गणना होते. ॲनिमेशनच्या इतिहासात झाजॅक यांचं नाव आदरानं घेतलं जातं, पण करमणुकीचा उद्योग उभारायला ते निघालेच नव्हते. त्यांना जायरोस्कोप तपासायचे होते.

त्याच प्रयोगशाळेत फ्रँक सिंडन यांनी याच यंत्रावर ‘फोर्स, मास अँड मोशन’ ही फिल्म केली. गुरुत्वाकर्षणाचा नियम वेगळा असता तर दोन गोल एकमेकांभोवती कसे फिरले असते, हे ती दाखवते. काही नियमांत कक्षा अशा काही भरकटतात की न्यूटनच्या नियमाबद्दल कृतज्ञता वाटावी. मायकेल नॉल यांनी तर त्याच नळीवर अमूर्त चित्रं काढली आणि १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत ती भिंतीवर लागलीही.

नळीपुढे कॅमेरा ठेवायची ही रीत ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातही होती. अपोलोच्या वेळी त्या हिरवट टेबलांवरचे पडदे संगणकाचे असावेत असं फोटोत वाटतं. ते होते साधे टीव्ही. खालच्या मजल्यावरचे आयबीएम ३६०/७५ संगणक फक्त बदलते आकडे पुरवत, आणि ते एका नळीवर उमटत. ‘इंधन’, ‘दाब’, ‘वेग’ असले न बदलणारे मथळे नि रकान्यांच्या रेघा वेगळ्या काचेच्या स्लाइडवर छापलेल्या असत. स्लाइड आणि नळी आरशांनी एकावर एक जुळवायची, त्यांच्यासमोर टीव्ही कॅमेरा धरायचा आणि ते चित्र केबलवरून टेबलाटेबलाला द्यायचं. कुणाला कागदावर हवं असेल तर बटण दाबावं. पडद्याची प्रत डब्यात बंद होऊन हवेच्या दाबावर नळकांड्यातून टेबलापाशी येई.

समोरच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यांमागे त्याहून अजब प्रकार होता. आयडोफोर हा स्विस प्रोजेक्टर. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक फ्रिट्झ फिशर यांना १९३९मध्ये तो सुचला. निर्वात पोकळीत एक अंतर्वक्र आरसा सावकाश फिरतो, त्यावर तेलाचा पातळ थर. इलेक्ट्रॉनचा झोत तेलावर विद्युतभार सोडतो, त्या ओढीनं तेलाला सूक्ष्म सुरकुत्या पडतात. बाजूनं झेनॉन दिव्याचा प्रखर उजेड सोडला की जिथे सुरकुती तिथला प्रकाश वाट बदलून फटींतून पडद्याकडे निसटतो. जिथे तेल सपाट तिथला आल्या वाटेनं परत. प्रकाश दिव्याचा, झोतानं फक्त दार उघडायचं आणि लावायचं, म्हणून चित्र सिनेमागृहात शोभेल इतकं उजळ. तेलाच्या वाफेनं कॅथोड मात्र लवकर खराब व्हायचा आणि पुन्हा पुन्हा बदलावा लागायचा. चंद्रावरच्या मोहिमेचं भिंतीवरचं चित्र तेलाच्या सुरकुत्यांवर उभं होतं, हे वाचताना मला अजून गंमत वाटते.

आता खुद्द चंद्र. अपोलो ११च्या चांद्रयानाच्या रेडिओ संदेशात टीव्हीसाठी जेमतेम ५०० किलोहर्ट्झची जागा उरली होती. नेहमीच्या टीव्हीला त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणून वेस्टिंगहाऊसचा कॅमेरा ३२० ओळींची फक्त १० चित्रं सेकंदाला पाठवायचा. अमेरिकन टीव्हीला हव्यात ५२५ ओळी आणि ३० चित्रं. हे रूपांतर करायचं कसं? आरसीएनं बनवलेल्या यंत्रात दहा इंची मॉनिटरवर चंद्राचं चित्र उमटवत आणि त्यासमोर आरसीएचाच टीके-२२ हा साधा टीव्ही कॅमेरा रोखून धरत. मधले कमी पडणारे क्षण चुंबकीय तबकडीवरून तीच चित्रं पुन्हा दाखवून भरून काढत. नील आर्मस्ट्राँग यांचं पहिलं पाऊल जगानं पाहिलं ते ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक केंद्राकडून आलेल्या चित्रात. आपल्याकडे तेव्हा २१ जुलै १९६९ची सकाळ होती, साडेआठला चारेक मिनिटं कमी. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती, त्यामुळे महाराष्ट्रानं ते पाऊल रेडिओवर ऐकलं आणि वर्तमानपत्रात पाहिलं.

आधी मॉनिटरवर, मग पुन्हा कॅमेऱ्यात, अशा या दुहेरी प्रवासात चित्र धुरकट झालं, उजळ भाग फाटले, अंधारे भाग बुडाले. हनीसकल क्रीकच्या तंत्रज्ञांना त्यांच्या मूळ मॉनिटरवर दिसणारं चित्र जगाला दिसलेल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ होतं. तिथल्या काहींनी त्या मॉनिटरचे फोटो घेऊन ठेवले. मूळ संदेश चुंबकीय फितींवर नोंदलेले होते. पुढे नासाला फितींची चणचण भासली आणि त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासानंच बराच शोध घेऊन २००९मध्ये जाहीर केला. त्या वर्षी चंद्रस्वारीच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त चित्रण स्वच्छ करायचं काम हॉलिवूडच्या एका कंपनीला दिलं गेलं. तिच्या हाती आलं ते टीव्हीवर दाखवलं गेलेलं, रूपांतर झालेलं चित्रण: सीबीएस वाहिनीच्या संग्रहातलं आणि ह्यूस्टनच्या तिजोऱ्यांत सापडलेल्या किनेस्कोप रिळांवरचं. किनेस्कोप म्हणजे चालू टीव्हीच्या नळीसमोर फिल्म कॅमेरा लावून केलेलं चित्रण. त्यातली काही दृश्यं आपल्यापर्यंत पोचेतो नळीपुढे दोनदा कॅमेरा लागला होता.