दार कोणी उघडायचे? 'झोंबिवली'च्या निमित्ताने थोडेसे

मंडळातल्या तरुण मुलांनी यंदा चित्रपटाच्या कार्यक्रमासाठी 'झोंबिवली' हे नाव दिले, तेव्हा कार्यकारिणीत पाच मिनिटे शांतता होती. मग एक आजोबा म्हणाले, "अरे, गणपतीच्या हॉलमध्ये मेलेली माणसे नाचवणार का?" आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. म्हणून आम्ही काही जणांनी आधी चित्रपट पाहून घेतला. हा काय प्रकार आहे, त्यात हसायचे कुठे, घाबरायचे कुठे आणि तो घरच्यांसोबत पाहण्यासारखा का आहे, ते आपल्या सभासदांसाठी इथे लिहीत आहोत.

आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. पुढे २०२४मध्ये गाजलेला 'मुंज्या' हा हिंदी चित्रपटही त्यांचाच. सुधीर जोशी (अमेय वाघ) हा इंजिनीअर आपल्या गरोदर बायकोला, सीमाला (वैदेही परशुरामी), घेऊन डोंबिवलीतल्या एका चकचकीत संकुलात राहायला येतो. कुंपणापलीकडे जनतानगर ही वस्ती. तिथे पाण्याची मारामार, इथे मुबलक. वस्तीतला तरुण पुढारी विश्वास (ललित प्रभाकर) त्यावरून भांडतो आहे. अशात शहरात झोंबी पसरतात, आणि एरवी एकमेकांकडे न पाहणाऱ्या या लोकांना एकत्र लढावे लागते. शेवट सांगत नाही.

आता झोंबी म्हणजे काय, हे ज्येष्ठांसाठी. आपली भुते माणसाळलेली असतात. मुंजाचा पिंपळ ठरलेला, हडळीची जागा ठरलेली, वेताळाची पालखी कधी निघते तेही गावाला ठाऊक. प्रत्येकाचे काही राहिलेले असते. कोणाची सोडमुंज, कोणाचे बाळंतपण, कोणाची जमीन. म्हणून त्यांच्याशी बोलता येते. नारळ, दहीभात, उतारा देऊन तडजोड होते. झोंबीचे तसे नाही. त्याला नाव नाही, तक्रार नाही, त्याची काही इच्छा राहिलेली नाही. तो फक्त चावतो, आणि ज्याला चावतो तोही त्याच्यासारखाच होतो. काल लिफ्टमध्ये "काय म्हणता?" म्हणणारे शेजारी आज दाराला धडका देत असतात. भीती यातच आहे, आणि विनोदही. 'अंगात आलया' या गाण्यात सिद्धार्थ जाधव नाचतो, तेव्हा या परदेशी पाहुण्याला मराठीत जागा मिळाल्यासारखे वाटते. अंगात येणे आपल्याला नवीन थोडेच आहे!

गाव डोंबिवली निवडले, हेही योग्यच. मलकपेठच्या निम्म्या मराठी घरांत एखादी मावशी किंवा आत्या डोंबिवलीला असेलच (हा आमचा अंदाज, खानेसुमारी नव्हे). तिथल्या रासायनिक कारखान्यांमुळे २०१४च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडल्याची बातमी आली होती, २०२०मध्ये एक रस्ता गुलाबी झाला होता. ज्या गावात पाऊस हिरवा आणि रस्ता गुलाबी होतो, तिथे पाण्यातून काहीही निघेल हे प्रेक्षकाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

मराठीत भीती आणि हसू एका ताटात वाढायची रीत जुनी आहे. महेश कोठारे यांचा १९९३चा 'झपाटलेला' कोणाला आठवत नाही? रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातला तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे. पुढे २००४मध्ये 'पछाडलेला' आला. पण त्या दोन्हींत भुते काही ठरावीक माणसांच्या मागे लागतात. 'झोंबिवली'ची जात वेगळी आहे. इथे अनोळखी माणसे एका जागी अडकतात आणि बाहेर वेढा पडतो.

या जातीचे मूळ १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या अमेरिकन चित्रपटात सापडते. जॉर्ज रोमेरो यांनी तो अगदी थोड्या पैशांत काढला. बाहेर चालती प्रेते, आत एका शेतघरात सात माणसे, त्यांतली बरीचशी एकमेकांना अनोळखी. आणि या माणसांचा बराच वेळ कशात जातो? तळघरात लपायचे की वर घरातच थांबून दारेखिडक्या ठोकायच्या, या भांडणात. पुढे १९९५मध्ये अर्नेस्ट डिकरसन यांच्या 'डीमन नाइट'ने त्यात काळा विनोद मिसळला. एकेकाळी चर्च असलेल्या वास्तूत आता भाड्याच्या खोल्या आहेत. बाहेर दैत्य, आत भाडेकरू. एका किल्लीतल्या पवित्र रक्ताने दारेखिडक्यांना सीमा घातली की दैत्य आत येऊ शकत नाहीत. आपल्याकडे वाईट काळात उंबरठ्यावर आणि वेशीवर काहीतरी आखतातच, त्यातलाच हा प्रकार. दैत्यांचा म्होरक्या मात्र दार फोडत बसत नाही. आतल्या प्रत्येकाला काय हवे आहे ते हेरून तो त्याला आतूनच फितवतो.

दाराची गोष्ट निघाली की आपल्या शहराची आठवण होणारच. १९९०च्या दशकात आंध्र-तेलंगणात अनेक घरांच्या दारांवर खडूने 'ओ स्त्री, रेपु रा' लिहिलेले असायचे. म्हणजे 'हे स्त्री, उद्या ये'. रात्री फिरणारी स्त्री ते वाचून परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते! आमच्यातल्या काही जणींनी तो खडू स्वतः हातात धरला आहे. मनात भीती, आणि उपाय मात्र उधारीवाल्याला टाळावे तसा. याच कल्पनेवर २०१८चा 'स्त्री' चित्रपट बेतला, आणि तो लिहिणारे राज निदिमोरू आणि कृष्णा डी.के. तेलुगूच. तेलुगूत २०२१मध्ये प्रशांत वर्मा यांचा 'झोंबी रेड्डी'ही येऊन गेला. आपली मुले दोन्ही भाषांतले झोंबी पाहून तुलना करतात. दोन भाषांत वाढण्याचा असाही फायदा!

आम्हाला स्वतःला मात्र चित्रपट पाहताना वेगळेच आठवत राहिले. मूसीकाठच्या माणसाला वेढा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. २८ सप्टेंबर १९०८च्या महापुरात अफझलगंजजवळच्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. त्या फांद्यांवर कोण कोणाच्या शेजारी बसले होते, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे कोणी लिहून ठेवले असेल असे वाटत नाही. अलीकडचे म्हणाल तर १३ ऑक्टोबर २०२०ची रात्र. मूसारामबागचा पूल पाण्याखाली गेला, मलकपेठच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरले. बैठ्या घरांतली माणसे लेकरांना खांद्यावर घेऊन जवळच्या अपार्टमेंटकडे आली. आमच्यातल्या कित्येकांच्या जिन्यांवर ती रात्रभर बसून होती. कुठे लगेच चहा आला, चादरी आल्या. एका अपार्टमेंटमध्ये मात्र गेटच्या आतून आधी विचारले गेले, "कोणाच्या ओळखीचे?" कोरोनाचे दिवस होते हे खरे, तोंडाला मास्क होते हेही खरे. पण गेट उघडायला जवळजवळ अर्धा तास लागला, बाहेर पाणी गुडघ्याला लागले होते, आणि विचारणारे आपल्या मंडळाचेच सभासद होते. त्यांच्यापैकी दोघांनी हा लेख छापण्याआधी वाचला आहे आणि हा भाग काढू नका असे सांगितले आहे.

म्हणून 'झोंबिवली'त संकुल आणि वस्ती समोरासमोर येते तेव्हा आम्ही हसत होतो, पण मोकळेपणाने नाही. चित्रपट काही सर्वगुणसंपन्न नाही. मध्यंतरानंतर पळापळ लांबते आणि पाण्याचा मूळ प्रश्न गर्दीत थोडा हरवतो. पण मराठी चित्रपटाने झोंबी आणले आणि त्यांना पाण्याच्या नळाशी, मीटरशी, कुंपणाशी जोडले, हे आम्हाला फार आवडले. परदेशी चित्रपटाची नुसती नक्कल केली असती तर कुंपणाच्या जागी नुसते जंगल आले असते.

काही व्यवहाराचे. चित्रपटात रक्त आहे, चावाचावी आहे. पहिली-दुसरीतल्या मुलांना आणू नये. त्या वेळी वरच्या खोलीत त्यांच्यासाठी चित्रकलेची सोय केली आहे. मोठी मुले पालकांसोबत बसली तर उत्तम, कारण घरी जाताना प्रश्न विचारले जातील. तेलुगू शेजाऱ्यांना जरूर घेऊन या. भाषा अडली तर शेजारी बसून सांगू. चहा मध्यंतरात मिळेल. कार्यक्रम सुरू झाल्यावर खालचे गेट बंद करायचे की उशिरा येणाऱ्यांसाठी उघडे ठेवायचे, यावर कार्यकारिणीत अजून वाद चालू आहे.