समाजाला नाव कोणी द्यावे? मानवशास्त्राच्या वाटचालीतील एक प्रश्न

मनुष्याची देहरचना, नातेसंबंध, रूढी व श्रद्धा यांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे मानवशास्त्र. निरनिराळ्या लोकसमूहांची तुलना करणारी त्याची शाखा मानवजातिशास्त्र होय. ही शास्त्रे केवळ विद्यापीठांपुरती आहेत, असा समज आपल्या धर्मगुरूंत व धर्मशिक्षकांत आढळतो. वस्तुतः त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या दैनंदिन सेवेचाच आहे: एखाद्या समाजाला त्याचे नाव कोणी द्यावे?

पश्चिम भारतात या अभ्यासाची पहिली संस्था, मुंबईची अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी, 1886 मध्ये निघाली. त्या काळच्या नोंदींमागे जनगणनेची व राज्यकारभाराची निकड होती. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग आला व 1924 मध्ये त्याची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी घेतली. घुर्ये मूळचे मालवणचे, म्हणजे पेडण्याच्या शेजारमुलखातले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानवशास्त्र यांचे अध्यापन केले आणि या विषयाला मराठी भाषाही मिळवून दिली.

नावाचा वाद येथेच उद्भवला. ख्रिस्ती सेवेसाठी भारतात आलेले आणि पुढे चर्चपासून दूर झालेले व्हेरियर एल्विन यांनी 1939 साली आदिवासींसाठी संरक्षित प्रदेश सुचविला. उलट 1943 च्या ग्रंथात घुर्ये यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले. दोघेही विद्वान व दोघांचा हेतू चांगला. परंतु ज्यांच्याविषयी वाद चालला होता, त्यांचा स्वर त्यात क्षीणच राहिला.

चीनमध्ये हाच प्रश्न अधिक तीव्र झाला. जर्मनीत शिकलेले त्साय युआनपेई यांनी 1926 मध्ये मानवजातिशास्त्रावर लेख लिहून या विषयाला चिनी नाव व स्थान दिले. पेकिंगच्या येन्चिंग या ख्रिस्ती विद्यापीठात वू वनझाओ यांनी गावोगावच्या प्रत्यक्ष पाहणीला चालना दिली. त्यांचे शिष्य फेई शियाओथुंग यांनी लंडनमध्ये मॅलिनॉवस्की यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास करून 1939 मध्ये आपल्याच प्रांतातील एका खेड्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्याने परक्यांचा नव्हे, तर स्वकीयाने स्वकीयांचा केलेला अभ्यास म्हणून तो गाजला.

मात्र 1952 मध्ये विद्यापीठांची फेररचना झाली. येन्चिंग बंद पडले व समाजशास्त्र आणि मानवशास्त्र अभ्यासक्रमांतून वगळले गेले. अभ्यासक उरले ते शासनाच्या कामी. 1953 च्या जनगणनेत चारशेहून अधिक नावे नोंदली गेली होती; अभ्यासकांच्या साहाय्याने त्यांतून 55 अल्पसंख्य समूह मान्य करण्यात आले. त्यांतील शेवटच्या जिनो समूहाला 1979 मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी समाजशास्त्राचेही पुनरुज्जीवन सुरू झाले.

आता गोव्याकडे वळू. पेडणे व डिचोली हे तालुके नव्या काबिजादीतले. पोर्तुगीज सत्ता तेथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्यामुळे सासष्टी-बारदेशाचा धार्मिक इतिहास या तालुक्यांना लागू पडत नाही. 1928 च्या शुद्धिचळवळीनंतर गावडा समाजात हिंदू, ख्रिस्ती व नवहिंदू असे तीन प्रवाह दिसू लागले. तरी गावडेपण एकच राहिले. 2003 मध्ये गावडा, कुणबी व वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. धनगरांचा त्या यादीत समावेश झाला नाही. शासनाच्या यादीतील एका नावावर शिक्षण, नोकरी व प्रतिनिधित्व अवलंबून असते, हे त्या वाड्यांवरील पालकांना कोणत्याही प्राध्यापकाहून अधिक कळते.

ख्रिस्तसभेलाही या शास्त्राचे वावडे नाही. फादर विल्हेल्म श्मिट यांनी 1906 मध्ये ‘अँथ्रोपॉस’ हे नियतकालिक काढले. फादर स्टीफन फुक्स यांनी निमाडातील बलाह्यांमध्ये राहून त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या 1965 च्या मिशनकार्यविषयक आदेशातही मानवजातिशास्त्राचा उल्लेख उपयुक्त विद्या म्हणून आला आहे.

तेव्हा आपल्या धर्मग्रामाची माहिती लिहिताना प्रथम लोक स्वतःला काय म्हणतात ते विचारावे, आणि तेच नाव नोंदवहीत लिहावे. शेजारी त्यांना काय म्हणतात व शासन काय म्हणते, हे त्यानंतर स्वतंत्रपणे नोंदवावे. तिन्ही नावे जुळतीलच असे नाही. जेथे ती जुळत नाहीत, तेथे बहुधा एखादी वेदना असते, आणि मेंढपाळाने तेथेच आधी पोहोचावयास हवे.